शेजाऱ्याला अपील नाही

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

गेल्या दोन-तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "दादा, आमच्या शेजारी ही जी बिल्डिंग चाललीय, तिच्या परवान्याविरुद्ध अपील कुठं करायचं?" विचारणारे वेगवेगळे. एक निवृत्त शिक्षक, एक मेडिकलवाले, पेठेतल्या एक काकू, ज्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आता सेंट्रिंगच्या बल्ल्या उभ्या आहेत. उत्तर एकच आहे, आणि ते ऐकल्यावर माणसाला वाटतं मी टाळतोय. कुठंच नाही. बांधकाम परवान्याविरुद्ध अपील करायचा हक्क शेजाऱ्याला आपल्या नगररचना कायद्यानं दिलेलाच नाही.

कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. ऑफिसात सगळे त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. ११ जानेवारी १९६७ पासून तो लागू आहे. कलम ४४ खाली अर्ज करायचा, कलम ४५ खाली नगरपरिषद परवानगी देते, अटी घालून देते किंवा नाकारते. निर्णय पटला नाही तर कलम ४७. आदेश हातात पडल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील. हा अधिकारी उपसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, असं कायदाच सांगतो. काही अपिलं थेट नगरविकास राज्यमंत्र्यांसमोरही चाललेली आहेत. अपील करणाऱ्याला आणि नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आपल्याकडे नगरपरिषदेला, म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि मग निकाल.

आता या कलमातला एक शब्द पुन्हा वाचा. अपील 'अर्जदार' करू शकतो. म्हणजे ज्याला बांधायचंय तो. सुनावणीत बाजू दोनच. तिसरा माणूस, ज्याच्या अंगणात सावली पडणार, ज्याच्या बोळातून ट्रक जाणार, ज्याच्या गटारीत वरचं पाणी येणार, तो त्या खोलीत नाही. त्याला कुणी हाकललेलं नाही, त्याची खुर्ची मांडलेलीच नाही.

इथपर्यंत ठीक. वकिलांना हे सगळं माहीत असतं. मला लिहायचंय ते वेगळं आहे. हा कायदा वरवर सगळ्यांना सारखा आहे. सव्वा गुंठ्यालाही तेच कलम ४७, तेच ४० दिवस, तेच मंत्रालय; पन्नास एकरालाही तेच. पण प्रत्यक्षात बांधकाम लहान आहे, मधलं आहे की मोठं, यावर तुम्ही कुठल्या दारात उभे राहणार हे ठरतं. आणि आपल्यासारख्या गावांत जे सगळ्यात जास्त बांधलं जातंय, त्याच्यासाठीच दार सगळ्यात अरुंद आहे.

लहानापासून सुरू करतो. आमच्या बोळातले एक काका, नाव लिहीत नाही, पण निम्म्या गावानं त्यांच्याकडून शिलाई करून घेतलीय. गावठाणात सव्वा गुंठा जागा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. खाली दुकान, मागं दोन खोल्या. मुलाचं लग्न ठरलं म्हणून वर मजला घ्यायचा होता. सामासिक अंतर कमी पडतं, म्हणजे बाजूला आणि मागं जेवढी जागा मोकळी सोडायला हवी तेवढी सुटत नाही, म्हणून परवानगी नाकारली. नियमाप्रमाणं ते बरोबरच होतं, नगरपरिषदेला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. आता आमच्या बोळात शंभर वर्षांपूर्वी भिंतीला भिंत लावून घरं बांधली, तेव्हा सामासिक अंतर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, हा भाग वेगळा.

काकांनी अपील केलं. रात्रीची एसटी, सकाळी मुंबई, मंत्रालयाच्या दारात पासची रांग, मग चौथा मजला. सोबत आर्किटेक्ट. मीही एका तारखेला गेलो होतो, कारण अशी सुनावणी आतून कशी असते हे मला बघायचं होतं. सुनावणी नीट झाली. काकांना बोलू दिलं, नकाशा टेबलावर पसरला, नगरपरिषदेच्या माणसाला दोन प्रश्न विचारले. सगळं मिळून वीसेक मिनिटं. शेवटी परवानगी मिळाली, वरचा मजला मागच्या बाजूनं आत घेण्याच्या अटीवर. म्हणजे जिंकलेच ते. पण बोळात परत आल्यावर त्यांनी एका वहीवर खर्च मांडला : आर्किटेक्टची फी, वकिलाची फी, दोघांचं जाणं-येणं, बुडालेले दिवस. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "यात एक खोली झाली असती रं."

एवढ्याशा मजल्यासाठी इतक्या लांब जायचं कारण कुणी मुद्दाम त्रास द्यावा असं नाही. कायद्यानं अपिलाचं टेबल तिथं ठेवलंय म्हणून जायचं. जिल्ह्याच्या गावी नगररचनेचे सहायक संचालक बसतात, त्यांना आमची पेठ, बोळ, ओढा सगळं माहीत असतं. पण हे अपील त्यांच्याकडे नाही. सरकारला लहान बांधकामांची अडचण कळत नाही असंही नाही. २ डिसेंबर २०२० ला राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली (मुंबई आणि काही भाग सोडून), तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवान्याची वाट बरीच सोपी केली. चांगली गोष्ट. पण ती सोय नियमात बसणाऱ्या लेआउटमधल्या चौकोनी प्लॉटला. जुन्या पेठेतल्या वाकड्यातिकड्या जागेचं नियमात न बसणं हेच तर तिचं दुखणं. तिला कलम ४७ शिवाय गत्यंतर नाही.

आता मोठ्याकडे येऊ.

मोठा माणूस अपील करताना मी फारसा पाहिलेला नाही. त्याला नकार मिळतच नाही असं नव्हे. नकार यायच्या आधीच तो नियम जिथं तयार होतात तिथं गेलेला असतो. एकात्मिक नगर वसाहत, ज्याला आपण टाउनशिप म्हणतो, तिचा अर्ज कलम ४४ च्या पोटकलम २ खाली थेट राज्य शासनाकडे जातो. म्हणजे काकांचं अपील जिथं शेवटी पोचलं, तिथं टाउनशिपचा पहिला अर्जच जातो. टाउनशिपचा आवाका बघता हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. रस्ते, पाणी, धरणाचा कोटा हे विषय नगरपरिषदेच्या हातातले नसतात. फक्त फरक लक्षात ठेवा.

दुसरी वाट कलम ३७. मंजूर विकास आराखड्यात 'किरकोळ फेरबदल'. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही असा बदल, अशी अट आहे. राजपत्रात नोटीस काढायची, एक महिना हरकती घ्यायच्या, सुनावणी करायची, प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. कागदावर उत्तम. यात शेजाऱ्याला हरकत घेता येते, हेही मान्य. पण राजपत्र वाचतं कोण? वर्तमानपत्रात जी जाहिरात येते ती शेवटून दुसऱ्या पानावर, वधू-वर सूचक आणि 'नावात बदल' यांच्या मध्ये. वीस वर्षं वर्तमानपत्रात काम करूनसुद्धा ती जाहिरात मला भिंग लावून वाचावी लागते. त्यात गट नंबर, हिस्सा नंबर आणि 'हरित पट्ट्यातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट' अशी भाषा. ज्याच्या घरासमोरचा मळा उद्या बिनशेती होणार, त्याला त्या जाहिरातीतून ते कळण्याची शक्यता शून्य.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि आत्ता कुठं सभागृहं भरायला लागली. मधल्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच सहीत होते. फेरबदलाचा ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. एरवी नगरसेवक काही फार अभ्यास करून येतात अशातला भाग नाही, पण विरोधातला एखादा तरी उठून "हा गट नंबर कुणाचा?" एवढं विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी आमची बातमी होते. तेवढंही नव्हतं.

आराखडा वाकवला की पुढं काय होतं, याचं राज्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्यातलं आहे. प्रभात रोडवरचा एक भूखंड १९८७ च्या विकास आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. युती सरकारच्या काळात ते आरक्षण हटवलं गेलं आणि तिथं 'सनड्यू' नावाची रहिवासी इमारत उभी राहिली. तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई त्या बांधकामाचे विकसक होते. जनहित याचिका झाली. जानेवारी १९९९ मध्ये जोशींनी मुख्यमंत्रिपद सोडलं, मार्च १९९९ मध्ये उच्च न्यायालयानं आरक्षण हटवण्याची ती पद्धत बेकायदा ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०११ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधली बारा वर्षं मोजा. ज्या मुलांसाठी ती शाळा होती ती तोवर नोकरीला लागली असतील. आणि हे पुण्यात, जिथं कागद काढणारे लोक आहेत, चांगले वकील आहेत, वर्तमानपत्रांची मुख्य कार्यालयं आहेत. आपल्या तालुक्यात असं काही झालं तर?

मोठ्या बांधकामाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र शेजाऱ्याच्या बाजूनं आहे, आणि ती फार जणांना माहीत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणं २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. २० हजार चौरस मीटर म्हणजे साधारण सव्वादोन लाख चौरस फूट. ही मंजुरी दिली गेली की तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १६ खाली अपील करता येतं, आणि तिथं शब्द 'अर्जदार' असा नाही. मंजुरीमुळं बाधित झालेली कुणीही व्यक्ती. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. आपल्या भागाचं न्यायाधिकरण पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी एक हजार रुपये.

म्हणजे गंमत बघा. शेजारी सव्वादोन लाख फुटांचं संकुल आलं, तर निवृत्त शिक्षकांना पुण्याला जाऊन दाद मागता येते. शेजारी सात मजली इमारत आली, तर नाही. संकुलातल्या मंजुरीआधी जनसुनावणी होत नाही हे खरं. बांधकाम प्रकल्पांना त्या अधिसूचनेतच जनसुनावणीतून सूट आहे. तरी निर्णयानंतर का होईना, एक दार आहे. आणि हे दार कुठून सुरू होतं ते बांधणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. एकोणीस हजार काहीशे मीटरवर थांबलेले प्रकल्प, सलग जमिनीवर दोन वेगळ्या नावांनी दाखवलेले दोन 'टप्पे', हे देशभर चालतं. मोजमाप हे नुसतं मोजमाप राहत नाही, ते निवडलं जातं.

आता मधला आकार. आपल्या गावाचा खरा प्रश्न हा आहे. आपल्याकडे टाउनशिप नाही, सव्वादोन लाख फूट तर सोडाच. आपल्याकडे जुना वाडा पडतो आणि तिथं पार्किंग अधिक सहा मजले उभे राहतात. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर हॉस्पिटल, वर फ्लॅट. हा आकार लहान नाही, कारण सबंध बोळाचं पाणी, वाहतूक, उजेड तो बदलून टाकतो. मोठाही नाही, कारण पर्यावरण मंजुरीच्या जवळपासही जात नाही.

सध्या पेठेत जी इमारत चाललीय तिच्या बाबतीत रहिवाशांचं म्हणणं एकाच आकड्यावर आहे. नव्या नियमावलीत किती मजले, किती एफएसआय, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मंजूर नकाशात समोरचा रस्ता सहा मीटर दाखवलाय. त्या दिवशी सकाळी शिक्षक, मेडिकलवाले आणि मी टेप घेऊन गेलो. भिंत ते भिंत साडेचार मीटर भरला, एका ठिकाणी तर त्याहून कमी. आता नकाशा बरोबर आणि बोळ चूक असं असू शकतं. विकास आराखड्यात रुंदीकरण प्रस्तावित असेल, रस्त्यासाठी जागा सोडायची अट परवान्यात असेल. बांधणाऱ्याची बाजूही ऐकलीय, ते म्हणतात सगळं आर्किटेक्टनं नियमाप्रमाणं केलंय. असेलही. मुद्दा कोण खरं हा नाहीच. मुद्दा असा की हे खरं-खोटं तपासून द्यायला समोर टेबलच नाही. बांधणाऱ्याला नकार मिळाला असता तर मंत्रालयात नकाशा पसरून, दोन्ही बाजू ऐकून कुणीतरी निकाल दिला असता. परवाना मिळाला, म्हणून कुणी काही ऐकायची सोय नाही.

मग रहिवाशांनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे वाटा किती अरुंद आहेत ते कळेल. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला, की कलम ५१ खाली परवाना रद्द करा किंवा बदला. तसा अधिकार नगरपरिषदेला आहे. पण तो तिचा अधिकार, तुमचा हक्क नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली अर्ज दिला. तिथंही तेच. दिवाणी कोर्टात? एमआरटीपीचं कलम १४९ या आदेशांना अंतिम म्हणतं, त्यामुळं तिथं पहिला प्रश्न हाच येतो की दावा चालतो का. फक्त उजेड आणि हवेचा वेगळा दावा होऊ शकतो, सुविधाधिकार कायदा १८८२ चा, वीस वर्षं अखंड उपभोग सिद्ध केला तर. काकूंची खिडकी वीस वर्षांहून जुनी आहे, पण 'खिडकी कधी पाडली' याचा कागद कुणाच्या घरात असतो?

राहिलं उच्च न्यायालय. रिट याचिका. आता कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, ऑगस्ट २०२५ पासून, त्यामुळं मुंबईचा फेरा वाचला हे आपल्या भागाचं नशीब. तरीही वकील, कागदपत्रं, प्रती, आणि मुख्य म्हणजे स्थगिती मिळेपर्यंत स्लॅब पडत राहतो तो राहतोच. बोळात गेल्या रविवारी बैठक झाली. वर्गणी काढायची का, यावर तासभर बोलणं झालं. दोघांनी गाळा बुक केलाय असं मध्येच कळलं आणि बैठक तिथंच थंड झाली. (हेही आपलंच गाव.)

कोर्टाची वाट अरुंद असली तरी बंद नाही, हे सांगायला एक जुनी केस सांगतो. ती मोठ्या शहराची नाही, आपल्यासारख्याच गावाची आहे. कर्नाटकातलं उडुपी. तिथल्या नगरपालिकेनं नगररचना योजनेतल्या रहिवासी भागात सिनेमागृहाला परवानगी दिली. मूळ परवानगी मंगल कार्यालयासारख्या हॉलची, नंतर तिचं थिएटर. एक रहिवासी कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला. योजनेविरुद्ध परवानगी देण्याचा पालिकेला अधिकारच नाही, आणि अशा बांधकामानं तिथल्या रहिवाशांच्या हक्कांवर परिणाम होतो, म्हणून ते दाद मागू शकतात. मालकानं बराच पैसा घातलाय, हे कारण चाललं नाही. पन्नास वर्षं झाली या निकालाला. तेव्हा 'तुमचा काय संबंध' असं कुणी काउंटरवर म्हणालं तर उडुपी लक्षात ठेवा.

आता विरुद्ध बाजू. माझा एक आर्किटेक्ट मित्र ही पोस्ट वाचून फोन करणारच आहे, त्याचं म्हणणं आधीच लिहितो. "शेजाऱ्याला अपील दे, मग गावात एक वीट हलणार नाही. ज्याचं भावकीत वाकडं आहे तो पहिला अपील टाकेल." खरं आहे. मी तर पुढचंही सांगतो, जे तो माझ्या तोंडावर बोलणार नाही. हरकत घेणं हा काही लोकांचा धंदा झालाय. माहिती अधिकारात नकाशा काढायचा, बांधणाऱ्याला दाखवायचा, पाकीट घ्यायचं, गप्प बसायचं. त्यात आमच्या व्यवसायाचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारेही आहेत, युट्यूब चॅनलवाले आहेत, आणि गावाला त्यांची नावं माहीत आहेत. अशांच्या हातात कलम ४७ सारखं हत्यार दिलं तर रेट फक्त वाढेल.

पण याला तोड निघू शकते, इतरांनी काढलीय. नगररचना ही मुळात आपण इंग्रजांकडून घेतलेली गोष्ट. त्यांचा १९०९ चा कायदा आणि त्यावरून आपला १९१५ चा मुंबई नगररचना कायदा, देशातला पहिला. आज इंग्लंडमध्येही शेजाऱ्याला अपील नाही, अर्जदारालाच आहे. पण तिथं अपील कसं चालवायचं हे प्रकरणाच्या आकारावर ठरतं. घराला खोली वाढवायची असेल तर कागदावरच, निरीक्षक येऊन जागा बघून जातो आणि निकाल देतो. काकांना मुंबई गाठावी लागली नसती. मोठं वादग्रस्त प्रकरण असेल तर त्याच गावात जाहीर चौकशी बसते, दोन्हीकडून साक्षी होतात, आणि गावातला माणूस उठून बोलू शकतो. फार मोठी प्रकरणं मंत्री स्वतःकडे घेतात, पण चौकशी आधी होते आणि अहवाल लोकांसमोर येतो. प्रत्येक निकाल, कारणांसकट, कुणालाही वाचता येतो. आयर्लंड आणखी पुढं गेलंय, तिथं शेजाऱ्याला अपील आहे. अट अशी की अर्ज चालू असताना त्यानं लेखी हरकत दिलेली हवी, तिची फी २० युरो, आणि निर्णयानंतर चार आठवड्यांत अपील. म्हणजे स्लॅब पडल्यावर जागा होणाऱ्याला आणि पाकिटासाठी उगवणाऱ्याला ते दार आपोआप अरुंद होतं. आयर्लंडमध्येही याच्यावर भांडणं आहेत, घरं बांधायला उशीर होतो अशी ओरड आहे. पण इमारती उभ्या राहणं काही थांबलेलं नाही.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यांना अपील देण्याची घाई नको. मधल्या आकाराला, समजा चार मजल्यांच्या वर, परवाना देण्याआधी जागेवर फलक आणि पंधरा दिवस हरकती, आणि ज्यानं हरकत दिली त्याला जिल्ह्याच्या गावी अपील, एवढं केलं तरी पुष्कळ. लहानाचं अपीलसुद्धा तिथंच आणा. काकांचे पैसे वाचतील आणि मंत्रालयातलं टेबल खरंच मोठ्या प्रकरणांसाठी मोकळं होईल. हे करायला कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि ती करणारे लोक आपल्या मतांवर निवडून जातात. आपल्या आमदारांना मी हे दोन पानांत लिहून दिलंय. पोच मिळाली आहे.

तोवर हातात आहे ते वापरा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली नगरपरिषदेनं ज्यांना परवाने दिले त्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो, कुणी मागायची वाट बघायची नसते. पोटकलम १(ब) मधला तेरावा मुद्दा, लिहून ठेवा. त्याच कलमाचं १(ड) म्हणतं की निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. म्हणजे काकूंना विचारता येतं : माझ्या बोळाची रुंदी सहा मीटर कुठून धरली, मोजणी कुणी केली, कुठल्या तारखेला? जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागायचे कागद : मंजूर नकाशा, बांधकाम परवान्याच्या अटी, रस्ता रुंदीसाठी आधार धरलेला भाग नकाशा आणि मोजणी नकाशा, जोते तपासणीचा दाखला. सगळे एकाच अर्जात मागा. 'संपूर्ण फाइलची माहिती द्या' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं.

आणि घराशेजारचा वाडा पडताना दिसला की तेव्हाच लेखी पत्र द्या, पोच घ्या. परवाना निघायच्या आधी दिलेल्या पत्राला कायद्यात अपिलाचं वजन नाही, पण उद्या कोल्हापूरला उभं राहायची वेळ आली तर 'हे लोक आधी कुठं होते' या प्रश्नाला तोच कागद उत्तर देतो.

परवा पेठेतल्या रहिवाशांनी असा अर्ज केलाय, कागद मिळाले की इथंच टाकतो, दोन्ही बाजूंचे. पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला मी नगररचना विभागात विकास आराखड्याची प्रत बघायला जाणार आहे. आपल्या घरासमोरचा रस्ता त्यात किती मीटरचा आहे, समोरचा मोकळा प्लॉट नक्की कशासाठी ठेवलाय, हे ज्यांना बघायचंय त्यांनी सोबत या. सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर लिहून आणा, नाहीतर नकाशात स्वतःचं घर सापडत नाही. आणि टेप असेल तर तीही आणा, माझी मेडिकलवाल्यांकडे राहिलीय.